पावसाळा वगळून

खाणीचा पर्यावरण अहवाल कसा करायचा हे सांगणारं जे पत्र मंत्रालयाकडून किंवा राज्याच्या प्राधिकरणाकडून येतं, त्याला आमच्या कामात सगळे टीओआर म्हणतात. त्यातली एक अट मला तोंडपाठ आहे. हवा, पाणी, आवाज, माती, झाडंझुडपं आणि प्राणी यांची आजची स्थिती एका पूर्ण ऋतूत नोंदवा, पण तो ऋतू पावसाळ्याचा नको. मार्च ते मे चालेल. ऑक्टोबर ते डिसेंबर चालेल. डिसेंबर ते फेब्रुवारीही चालेल. जून ते सप्टेंबर हे चार महिने मात्र त्या अटीत कुठेच नाहीत.

हवेपुरती ही अट मला पटते. पावसात धूळ खाली बसते, नमुना घेणाऱ्या यंत्राच्या फिल्टरवर काही जमत नाही आणि हवा असते त्याहून चांगली दिसते. प्रदूषण लपू नये म्हणून पावसाळा टाळायचा, हा हेतू चांगलाच आहे. पण त्याच वाक्यात वनस्पतीही बसवल्या आहेत, आणि मी राजापूरच्या सड्यांवर काम करते.

रत्नागिरीपासून खाली राजापूर, देवगड, मालवणपर्यंत समुद्र आणि सह्याद्री यांच्या मधे जांभ्या दगडाची सपाट माथी पसरली आहेत. त्यांना कुणी सडा म्हणतं, कुणी नुसतंच कातळ. एप्रिलच्या दुपारी तिथे उभं राहिलं तर चपलेच्या तळव्यातून चटका बसतो. वणव्यात जळालेल्या गवताची काळी खुंटं, कातळावर वाळून चिकटलेलं शेवाळ, लांब कुठेतरी ओरडणारी एखादी टिटवी. सावलीला झाड नाही. सातबाऱ्यावर या जमिनीची नोंद वरकस किंवा पोटखराब अशी असते, आणि देशातल्या पडीक जमिनींच्या नकाशात उघड्या खडकाळ जमिनीचा वेगळा वर्गच आहे. एप्रिलमध्ये पाहणाऱ्याला या नोंदी खऱ्याच वाटतात.

जूनच्या पहिल्या दोन-चार सरी झाल्या की कातळाच्या फटींतून, जिथे मूठभरही माती नाही तिथून, दिपकाडीचे दांडे वर येतात. पांढरी, नाजूक, वाऱ्यावर हलणारी फुलं. ही दिपकाडी कोकणच्या या पट्ट्याबाहेर फारशी कुठे नाहीच. तिचा कंद आठ-नऊ महिने त्या तापलेल्या दगडात तग धरून असतो. मग खोलगट जागी पाणी साचतं. घोट्याएवढ्या त्या डबक्यांत बेडकांची पिल्लं वळवळू लागतात, कडेनं गेंदाची पांढरी बोंडं उभी राहतात. ऑगस्टमध्ये सीतेची आसवं फुलतात आणि कातळावर जांभळी झाक येते. तिच्याच शेजारी दवबिंदूची लाल, चिकट पानं चिलटं धरून बसलेली असतात. सड्याच्या मातीत नत्र इतकं कमी, की या वनस्पतींना किडे खाऊन जगावं लागतं. सीतेच्या आसवांच्या मुळाशी बारीक फुगे असतात, त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात. सप्टेंबरात कवल्याचा पिवळा रंग पसरतो. सुट्या दगडाखाली हात घातला तर पांढऱ्या पट्ट्यांची एक छोटी पाल पळते. तीही याच सड्यांची रहिवासी, दुसरीकडे न मिळणारी. पण हात घालण्यापूर्वी दगड काठीनं हलवून बघावा, कारण फुरसं त्याच ओलाव्याला आलेलं असतं.

ऑक्टोबरच्या मध्याला गवत पिवळं पडतं. नोव्हेंबरात सगळं संपलेलं असतं. म्हणजे टीओआरनं दिलेल्या तिन्ही ऋतूंत सडा मेलेला असतो, आणि तो जिवंत असतो ते चार महिने अहवालाच्या हिशेबाबाहेर जातात.

आमचा पेशाच मुळात कायद्यानं जन्माला घातला. १९८४ साली भोपाळ झालं, १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला, त्याखाली १९९४ मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची पहिली अधिसूचना निघाली आणि २००६ मध्ये दुसरी. त्यानंतर कुणी काय लिहायचं तेही ठरलं: हवेचा तज्ज्ञ वेगळा, पाण्याचा वेगळा, भूजलाचा वेगळा, समाजशास्त्राचा वेगळा. प्रत्येकाला आपापल्या विषयाची मान्यता घ्यावी लागते. माझ्या वाट्याला परिसंस्था आणि जैवविविधतेचं प्रकरण आलं. हा कायदा नसता तर वनस्पतिशास्त्र शिकलेल्या मुलीला सड्यावर फिरण्याचे पैसे कुणी दिले नसते. म्हणून कायद्याविषयी बोलताना माझ्या मनात आधी कृतज्ञता असते आणि ती मी लपवत नाही.

पण वर्षं गेली तसं एक गोष्ट लक्षात येत गेली. कायदा जे विचारतो तेच आपण बघायला लागतो. सुरुवातीला हे अहवालात होतं, मग ते नजरेत उतरतं. नव्यानं कामाला लागलेली मुलं सड्यावर येतात तेव्हा त्यांच्या हातात तक्ता असतो: प्रजातीचं नाव, स्थानिक नाव, वन्यजीव कायद्यातली अनुसूची. मुलं हुशार आहेत, माझ्यापेक्षा चांगले फोटो काढतात, चिखलात गुडघे टेकून बसायला लाजत नाहीत. पण तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यात लिहिण्यासारखं काही नसेल, तर ते रोप त्यांच्या डोळ्यांसमोरून निसटतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात वनस्पतींची जी अनुसूची पुढे जोडली गेली, तिच्यात कित्येक वर्षं अवघ्या सहा नोंदी होत्या. त्यांत सड्यावरचं एकही रोप नव्हतं. त्यामुळे ‘अनुसूचीतील एकही वनस्पती आढळली नाही’ हे वाक्य अहवालात पूर्ण खरं ठरायचं. ते वाचणाऱ्या समितीला वाटायचं, तिथे काही नाही.

२०२२ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२३ च्या एप्रिलपासून ती लागू झाली. सहा अनुसूचींच्या चार झाल्या. कालपर्यंत चौथ्या अनुसूचीत असलेले बहुतेक साधे पक्षी एकदम दुसऱ्या अनुसूचीत, वरच्या संरक्षणात आले. आम्ही जुने अहवाल उघडून रकाने बदलत बसलो. त्या आठवड्यात माझ्या सहकाऱ्यानं विचारलं, ‘मॅडम, मागच्या महिन्यापर्यंत आपण या पक्ष्यांची नुसती यादी देत होतो, आता प्रत्येकासाठी संवर्धन आराखडा मागतील का?’ पक्षी त्याच सड्यावर, त्याच दगडांच्या आडोशाला अंडी घालत होते. बदलली होती आमची नजर, आणि या वेळी ती चांगल्या दिशेनं बदलली होती.

चिरेखाणीचीही अशीच कथा आहे, फक्त ती जास्त वळणांची. कोकणातली घरं चिऱ्याची. जांभा दगड यंत्राच्या गोल पात्यांनी कापून चिरे काढतात. खाणीत उतरलं की लाल धुळीनं पापण्या जड होतात आणि भिंती करवतीनं कापल्यासारख्या सरळ उभ्या दिसतात. सड्याचा वरचा थर, म्हणजे ज्या थरावर दिपकाडी आणि डबकी असतात नेमका तोच, खाणीत सगळ्यात आधी जातो. जांभा गौण खनिजांत मोडतो. २००६ च्या अधिसूचनेत पाच हेक्टरांखालच्या खाणींना पर्यावरण मंजुरी लागत नव्हती, आणि कोकणात जमिनीची वाटणी अशी की बहुतेक चिरेखाणी त्याहून लहानच. मग २०१२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं दीपककुमार प्रकरणात सांगितलं की लहान खाणींनाही मंजुरी लागेल. २०१६ मध्ये हे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समित्यांकडे गेलं. २०१८ मध्ये हरित लवादानं त्या व्यवस्थेवर बोट ठेवलं आणि समित्यांचं काम थांबलं. २०२३ मध्ये मंत्रालयाचं निवेदन आलं की जिल्ह्यानं दिलेल्या मंजुऱ्या राज्य पातळीवर पुन्हा तपासून घ्याव्यात.

या प्रत्येक वळणाला खाणवाल्यांचे फोन यायचे. त्यांतला एक दापोलीकडचा गृहस्थ, स्वतः खाणीत काम करत करत मालक झालेला. तो दर वेळी एकच विचारायचा, ‘मॅडम, आता कुणाच्या सहीनं खाण चालायची?’ त्याच्या आवाजात चिडचिड नसायची, थकवा असायचा. कामगारांना हप्त्याचे पैसे द्यायचे असत, यंत्राचं कर्ज असे. मला त्याचा राग कधी आला नाही. नियम बदलायचे तर बदलावेत, पण कुणी कुठे जायचं एवढं तरी दहा वर्षं टिकावं, ही त्याची मागणी रास्त होती. आणि हेही खरं, की २०१२ च्या त्या निकालामुळेच जांभ्याच्या लहान खाणींच्या जागी प्रथमच कुणीतरी वही घेऊन गेलं. त्याआधी तिथे काय होतं हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही.

लिहून न ठेवलेल्याची किंमत काय असते, ते मला २०१७ नंतर कळलं. त्या वर्षी मार्चमध्ये अधिसूचना निघाली: मंजुरी न घेता सुरू झालेल्या प्रकल्पांनी अर्ज करावा, झालेल्या नुकसानीचा हिशेब द्यावा, आणि ते भरून काढण्याचा आराखडा सादर करावा. अशा एका खाणीचं काम माझ्याकडे आलं. मी पोचले तेव्हा सडा नव्हता. दोन पुरुष खोल आयताकृती खड्डे होते आणि त्यांत हिरवट पाणी. मला लिहायचं होतं, इथे आधी काय होतं. शेजारच्या सड्यावर गेले, तिथली यादी केली, मग खालच्या वाडीत गेले. एका काकींच्या अंगणात बसून विचारलं, ‘वर पूर्वी पावसात काय यायचं?’ त्यांनी फोडशीची भाजी सांगितली, पहिल्या पावसानंतरची अळंबी सांगितली, मुलं फुलं आणून गणपतीच्या मखराला लावायची ते सांगितलं. मग म्हणाल्या, ‘आता काय बघतलंस गो बाय? पावसात येवचा होतास.’ विहिरीचंही त्यांनीच दाखवलं. सड्यावरचा पाऊस जांभ्याच्या छिद्रांतून झिरपून उताराच्या पायथ्याशी झरा होऊन येतो आणि वाडीच्या विहिरी त्यावर चालतात. त्यांची विहीर आता मार्चमध्येच तळ गाठते.

हे सगळं मी नुकसानीच्या हिशेबात लिहिलं. पण जे मी स्वतः पाहिलंच नव्हतं त्याला रुपयांत मोल लावताना हात जड झाला होता. झऱ्याचं पाणी लिटरमध्ये मोजता येतं, टँकरच्या दरानं गुणता येतं. दिपकाडीच्या कंदाला दर नाही.

पुढे २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं वनशक्ती या संस्थेच्या याचिकेवर अशा मागाहून दिलेल्या मंजुऱ्यांची वाट बंद केली, आणि नोव्हेंबरात दोन विरुद्ध एक अशा बहुमतानं तो निकाल मागे घेतला. कार्यालयात कुणी आनंदले, कुणी खट्टू झाले. माझं मत स्पष्ट आहे. आधी खणायचं आणि मग आधीच्या स्थितीचा अहवाल मागायचा, यात माझ्यासारखीचं काम स्मरणलेखनाचं होतं. मला ते करायचं नाही. सडा उभा असताना तिथे जायचं आहे.

कायद्याच्या नजरेत नवी गोष्ट आली की काय होतं, याचा सगळ्यात सुंदर अनुभव मला कातळशिल्पांनी दिला. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे साथीदार वर्षानुवर्षं सडे पालथे घालत होते. वाड्यांतल्या लोकांनी गुरं चारताना पाहिलेली चित्रं ते शोधून काढत होते: हत्ती, मासे, वाघ, माणसं आणि अजून अर्थ न लागलेल्या आकृत्या. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. कशेळी, उक्षी, जांभरूण, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातलं फणसमाळ. पुढच्याच वर्षी बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षणाची यंत्रं आली, लोक रस्त्यावर झोपले, आणि राज्यभरच्या वर्तमानपत्रांत सड्याचे फोटो छापून आले. त्यानंतर एका बैठकीत समितीच्या सदस्यानं आपणहून विचारलं, ‘या जागेवर कातळशिल्पं आहेत का, पाहिलंत का?’ मी थक्क झाले. ज्या दगडाला पडीक म्हणून ओलांडून जात होते, त्याच्याविषयी प्रश्न विचारला जात होता. म्हणजे नजर बदलता येते. ती बदलायला लोकांचे पाय लागतात, वह्या लागतात, आणि मग कुठे कागदावर एक ओळ येते.

पश्चिम घाटाच्या बाबतीत ती ओळ अजून आलेली नाही. माधव गाडगीळ यांच्या समितीनं २०११ मध्ये अहवाल दिला, कस्तुरीरंगन गटानं २०१३ मध्ये. पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा पहिला मसुदा २०१४ च्या मार्चमध्ये निघाला, त्यानंतर २०१५, २०१७, २०१८, २०२२ आणि २०२४ मध्ये पुन्हा पुन्हा मसुदेच निघाले. महाराष्ट्रातलं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात आहे. प्रत्येक प्रकल्पाच्या सुरुवातीला आम्ही गावांची यादी उघडून बघतो, आपलं गाव आत आहे की बाहेर. किनाऱ्याजवळचे बहुतेक सडे बाहेर आहेत. उंचावरचं कास पठार जागतिक वारशाचा भाग आहे, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण कासला जी फुलं पाहायला गाड्यांच्या रांगा लागतात, त्यांचीच भावंडं राजापूरच्या सड्यावर कुणाच्या नजरेत येत नाहीत, कारण ती खालच्या उंचीवर आणि खासगी जमिनीवर आहेत.

म्हणून मी पावसात जाते. टीओआरमध्ये नसलं तरी. जूनच्या शेवटी एकदा, ऑगस्टमध्ये एकदा, सप्टेंबरच्या अखेरीस एकदा. त्याचे पैसे अंदाजपत्रकात नसतात. काही प्रकल्पधारक देतात, काही देत नाहीत. रेनकोट घालून क्वाड्रॅटची चौकट कातळावर ठेवायची, आतली रोपं मोजायची, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत धरून पेन्सिलीनं लिहायचं. शाई टिकत नाही. जोराची सर आली की चौकटीवर पाठ करून बसायचं. त्या वेळी आजूबाजूला जे दिसतं ते कुठल्याही तक्त्यात मावत नाही. ढग इतके खाली येतात की सडा आणि आभाळ यांच्या मधे आपण उकिडवे बसलेले असतो, आणि पायापाशी जांभळी फुलं पाण्याच्या थेंबांनी एकसारखी थरथरत असतात. मला त्या क्षणी हे काम जगातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि घरी आल्यावरही तसंच वाटत राहतं.

या नोंदी मी पूर्वी अहवालाच्या शेवटी जोडपत्रात देत असे. आता मुख्य प्रकरणात देते, स्वतंत्र मथळ्याखाली. एका प्रस्तावात समितीनं त्या आधारे अट घातली: खाणीच्या उत्तरेची डबक्यांची पट्टी खोदायची नाही, झऱ्याच्या दिशेनं ठरावीक अंतर मोकळं ठेवायचं. मालकानं कुरकुर केली, मग मान्य केलं. त्याचं स्वतःचं घर त्याच झऱ्याखाली होतं.

२०२० च्या मार्चमध्ये नव्या अधिसूचनेचा मसुदा आला तेव्हा देश घरात कोंडलेला होता. तो फक्त इंग्रजी आणि हिंदीत निघाला होता. दिल्ली उच्च न्यायालयानं सूचनांची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि तो भारतीय भाषांत उपलब्ध करून देण्याचा आदेश दिला. आमच्या भागातल्या कितीतरी जणांनी तेव्हा आयुष्यात प्रथमच मंत्रालयाला पत्र लिहिलं. मीही लिहिलं. तो मसुदा अंतिम झाला नाही, त्यातल्या काही गोष्टी पुढे निवेदनांच्या वाटेनं आल्या, आणि पावसाळा वगळण्याची ओळ जिथल्या तिथे राहिली.

मसुदा आला की हरकतींसाठी साठ दिवस असतात. मी पुढचं पत्र तयार ठेवलं आहे. त्यात पाच मागण्या आहेत. जांभ्याच्या सड्यांवरच्या कुठल्याही प्रकल्पासाठी वनस्पती आणि उभयचर यांची पाहणी जून ते सप्टेंबर या काळात बंधनकारक करावी. हवेच्या नमुन्यांचा ऋतू आहे तसाच ठेवावा. पाच हेक्टरांखालच्या खाणींनाही ही पाहणी लागू असावी, कारण सडा लहान खाणींनीच संपतो आहे. सड्यांची नोंद पडीक जमीन म्हणून न होता नैसर्गिक क्षेत्र म्हणून व्हावी. आणि पायथ्याच्या वाडीतल्या विहिरींची पातळी मे आणि ऑक्टोबर अशी दोनदा मोजून अहवालात द्यावी. पत्रासोबत गेल्या पावसाळ्यातली यादी जोडली आहे, आणि त्या काकींच्या विहिरीच्या पातळीचे आकडे, जे आता त्यांचा नातू दर महिन्याला मला पाठवतो.